कळलावी कशी लावावी आणि कशी जपावी

श्रावणात कोकणात गेलात तर गडग्यावरून, करवंदीच्या जाळीतून वर डोकावणारी एक फूलवेल हमखास दिसते. कळी हिरवी, मान खाली घातलेली. उमलताना पाकळ्या पिवळसर असतात, मग दिवसागणिक मागे वळत सरळ वर उभ्या राहतात. कडा नागमोडी, तळाशी पिवळा, टोकाकडे लाल. चार-पाच दिवसांत सगळं फूलच लालभडक होतं. लांबून पाहिलं तर झुडपाला पलिते लावल्यासारखं वाटतं. संस्कृतात हिला अग्निशिखा म्हणतात, आपल्याकडे कळलावी. कोकणात काही ठिकाणी हीच ‘गौरीचे हात’. गौरीच्या दिवसांतच तिचा बहर असतो.

शास्त्रीय नाव ग्लोरिओसा सुपर्बा. उष्ण कटिबंधातल्या आफ्रिकेपासून दक्षिण आफ्रिकेपर्यंत आणि इकडे भारत, श्रीलंका, आग्नेय आशियापर्यंत हिचं माहेर पसरलेलं आहे. झिंबाब्वेचं हे राष्ट्रीय फूल, तिथे ‘फ्लेम लिली’ म्हणून घरोघरी ओळखीचं. 1947 साली राजकन्या एलिझाबेथला एकविसाव्या वाढदिवसाची भेट म्हणून त्या देशातल्या शाळकरी मुलांनी याच फुलाच्या आकाराचा हिऱ्यांचा ब्रोच दिला होता. तमिळनाडूचंही हे राज्यफूल आहे.

झिंबाब्वेत पाऊस नोव्हेंबरात सुरू होतो, म्हणून तिथली कळलावी नाताळच्या सुमारास फुलायला लागते. आपली जुलै ते सप्टेंबर. महिने उलटसुलट, पण हिशेब एकच: पावसात वाढायचं आणि कोरड्या दिवसांत जमिनीखाली झोपायचं. हे एवढं लक्षात घेतलं की तिची निम्मी निगा कळली.

लावण्याआधी हे वाचा

या वेलीचा प्रत्येक भाग विषारी आहे. कंद आणि बिया सर्वांत घातक. त्यांत कोल्चिसिन असतं. तेच द्रव्य अगदी मोजक्या मात्रेत गाउटच्या, म्हणजे संधिवाताच्या एका प्रकाराच्या औषधात वापरतात. पेशींचं विभाजन थांबवण्याचा त्याचा गुण वनस्पतिशास्त्रज्ञांनी गुणसूत्रं दुप्पट करायला वापरला, बिनबियांचं कलिंगड त्यातूनच आलं. पण हाच गुण माणसाच्या शरीरात जिवावर बेततो. पोटात गेल्यावर काही तासांत उलट्या, जुलाब सुरू होतात आणि पुढे एकेक अवयव निकामी होत जातो. याला सहज मिळणारा उतारा नाही. कंद शिजवला म्हणून विष जात नाही. रताळं किंवा रानातला करांदा समजून हा कंद खाल्ल्याने माणसं दगावली आहेत.

आयुर्वेदात ही लांगली. नांगरासारख्या वाकड्या कंदावरून ते नाव पडलं. तिची गणना उपविषांत, म्हणजे सौम्य विषांत होते आणि वैद्य ती शोधनाशिवाय, म्हणजे विष कमी करणाऱ्या प्रक्रियेशिवाय वापरत नाहीत. कळलावी या नावातली कळ म्हणजे बाळंतवेणा. अडलेल्या बाईला या कंदाचा लेप लावत असत. ही माहिती नावाचा अर्थ कळावा एवढ्यापुरतीच. घरी कसलाही काढा, लेप, चूर्ण करायचं नाही, थोडंसुद्धा नाही. चुकून कुणाच्या पोटात गेलंच तर उलटी होण्याची वाट न बघता 108 ला फोन करा आणि वेलीचा तुकडा सोबत घेऊन दवाखाना गाठा.

ही वेल घरात असली तर भांडणं होतात अशीही एक समजूत आहे. मला वाटतं, पोराटोरांना आणि गुरांना तिच्यापासून लांब ठेवायचा तो जुन्या माणसांनी शोधलेला मार्ग असावा. घरात रांगतं मूल असेल, कुत्रं-मांजर कुंड्या उकरत असेल, तर माझं स्पष्ट मत आहे की दोन-चार वर्षं थांबा. कळलावी कुठे पळून जात नाही.

कंद निवडताना

जंगलातून कंद खणून आणू नका. औषधासाठी वर्षानुवर्षं खणून कित्येक ठिकाणी ती आधीच विरळ झाली आहे. रोपवाटिकेतून किंवा ज्याच्याकडे लावलेली आहे त्याच्याकडून घ्या. मे महिन्यात कंद झोपेत असतात, तेव्हा मागून ठेवा.

कंद बोटाएवढा जाड, गुळगुळीत, फिकट तपकिरी, आणि बहुतेक वेळा दोन बोटांच्या चिमट्यासारखा वाकडा असतो. आता नीट बघा: दोन्ही टोकांना एकेक छोटासा फुगीर कोंब असतो. तोच डोळा. बटाट्याला जागोजागी डोळे असतात, इथे टोकाला एकच. तो गेला की ते टोक वाया गेलं. माझा पहिला कंद एकाच डोळ्याचा होता. तो पिशवीतून काढताना हातातून निसटून फरशीवर पडला आणि टोकाचा जेमतेम नखाएवढा तुकडा मोडला. बाकी कंद धडधाकट दिसत होता म्हणून लावला. गणपती आले नि गेले, कुंडीत काही हललं नाही. शेवटी उकरून पाहिलं तर कंद तसाच्या तसा, टणक. त्याला उगवायला जागाच उरली नव्हती. तेव्हापासून कंद कापडात गुंडाळूनच आणते.

वजनदार कंद घ्या. पन्नास-साठ ग्रॅमचा असेल तर पहिल्याच वर्षी फुलतो. बारीक, सुरकुतलेला कंद वर्षभर नुसती पानं देतो. हातमोजे घाला, काहींच्या त्वचेला रसाने खाज सुटते. काम झालं की साबणाने हात धुवायचेच. आमच्या काकी गौरीसाठी ही फुलं तोडून आणल्यावर आम्हा मुलांना आधी विहिरीवर पाठवायच्या, मग खाऊ द्यायच्या.

कुंडी, माती आणि लावणी

कळलावीला पाणी आवडतं, पण साचलेलं पाणी तिला मारतं. म्हणून सगळा भर निचऱ्यावर. बारा इंची खोल कुंडी घ्या, तळाला भोकं मोकळी हवीत. दोन भाग लाल किंवा पोयटा माती, एक भाग जाड वाळू, एक भाग चांगलं कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत, वर मूठभर निंबोळी पेंड. घाटावरची काळी चिकणमाती असेल तर ती कमी करून वाळू वाढवा. कच्चं शेण अजिबात नको, कंद कुजतो.

वेळ मे अखेर ते जून, पहिल्या पावसाच्या सुमारास. कंद आडवा ठेवायचा, उभा खोचायचा नाही. दोन ते तीन इंच खोल, आणि डोळ्याचं टोक कुंडीच्या भिंतीकडे न ठेवता मध्याकडे. भिंतीला टेकलं तर कोंब वाकडातिकडा फिरतो. बारा इंची कुंडीत दोन कंद पुरे. जमिनीत लावत असाल तर दोन कंदांत फूटभर आणि दोन ओळींत दीड-दोन फूट अंतर ठेवा.

लावल्यावर एकदा पाणी देऊन गप्प बसायचं. कोंब वर यायला दोन ते चार आठवडे लागतात. आधार देण्यासाठी काठ्या लावायच्या असतील तर त्या कंदाबरोबरच रोवा. नंतर काठी खुपसली की ती नेमकी कंदात घुसते.

आधार

कळलावीचं पान जवळून बघण्यासारखं असतं. लांबट, टोकाकडे निमुळतं होत जाणारं, आणि शेवटी तेच टोक घड्याळाच्या स्प्रिंगसारखं गुंडाळतं. वेगळा तणावा नाही, पानच तणाव्याचं काम करतं. ते वाऱ्यावर हलत हलत काहीतरी बारीक शोधत असतं: काडी, दोरी, शेजारच्या झाडाची फांदी. सापडलं की एका दिवसात दोन वेढे घालतं. म्हणूनच जाड बांबूवर ही चढत नाही, तो तिच्या पकडीत मावत नाही. पेन्सिलीपेक्षा बारीक आधार द्या. करवंदीच्या वाळक्या काटक्या, तुरीच्या काड्या, नायलॉनची जाळी, खिडकीचा बारीक गज, काहीही चालतं. मला विचाराल तर वाळक्या फांद्यांचा गुंता सर्वांत छान, रानात ती तशीच वाढते.

वेल पाच-सहा फूट सहज जाते. खोड ठिसूळ असतं. वळवायला गेलं की कडकन मोडतं, आणि शेंडा मोडला तर त्या वर्षीचं फूल बहुतेक गेलंच. तिला आपल्या हाताने वळवू नका. जिकडे वळावी असं वाटतं तिकडे एक काडी ठेवा, तिची ती जाते.

ऊन, पाणी, खत

डोकं उन्हात, पाय सावलीत. सकाळचं पाच-सहा तास ऊन मिळालं तर फुलं भरपूर. तळाशी पालापाचोळ्याचं आच्छादन घाला किंवा समोर एखादं बुटकं झाड ठेवा.

पावसाळ्यात वेगळं पाणी लागत नाही, पाऊस उघडला तर मातीचा वरचा इंचभर थर सुकल्यावर द्या. सलग झड लागली आणि कुंडीत पाणी तुंबताना दिसलं तर कुंडी वळचणीला ओढा. कळ्या येईपर्यंत दर पंधरा दिवसांनी गांडूळपाणी किंवा पातळ जीवामृत (शेण, गोमूत्र, गूळ आंबवून केलेलं द्रावण) पुरतं. युरियाच्या वाटेला जाऊ नका, पानं माजतात आणि फुलं रुसतात. मूठभर लाकडाची राख मात्र कळ्यांच्या वेळी उपयोगी पडते.

कोंब वर आल्यापासून दीड-दोन महिन्यांत पहिली कळी दिसते.

अळी

हिची एक खास अळी आहे. काळ्या अंगावर पांढरे आणि नारिंगी-लाल ठिपके, दिसायला देखणी, आणि दोन दिवसांत अख्खी वेल बोडकी करणारी. बागेत लिली असेल तर तिच्यावरही हीच अळी येते. पानांच्या मागे अंड्यांचे पुंजके असतात, ते पान तोडून टाका. अळ्या चिमट्याने उचलून साबणाच्या पाण्यात टाकणं हाच घरगुती बागेत खरा उपाय. पाच टक्के निंबोळी अर्क आठवड्याने फवारला तर पुढची पिढी थोपते. पावसात रोज सकाळी पानांची मागची बाजू बघायची सवय लावून घ्या.

फूल आणि बी

उमललेल्या फुलात मधला स्त्रीकेसर तळाशीच काटकोनात वळून बाजूला गेलेला दिसेल. स्वतःच्याच परागांपासून लांब राहायची ही सोय. फुलपाखरं आणि सूर्यपक्षी एका फुलाचे पराग दुसऱ्यावर नेतात. तमिळनाडूत तिरुप्पूर, दिंडीगुल भागातले शेतकरी औषध कंपन्यांना बी विकण्यासाठी हीच वेल शेतात लावतात, आणि बी जास्त धरावं म्हणून सकाळी ओळीओळीने फिरून हातानेच परागण करतात. घरी करायचं असेल तर मऊ ब्रशने एका फुलाचे पराग दुसऱ्या वेलीच्या फुलाला लावा.

पण बी धरू द्यायचं की नाही याचा आधी विचार करा. शेंग वाळून तडकली की आत डाळिंबी रंगाचे मण्यांसारखे दाणे दिसतात, आणि लहान मुलाचा हात नेमका तिकडेच जातो. सोसायटीच्या आवारात किंवा गच्चीवर वेल असेल तर कोमेजलेली फुलं वेळीच खुडून टाका. शिवाय बियांपासून फूल यायला तीन-चार वर्षं लागतात. कंद सोपा.

झोपेचे दिवस

ऑक्टोबरच्या उन्हात पानं पिवळी पडू लागतात. नवीन माणूस इथेच चुकतो. वेल मरतेय असं समजून पाणी वाढवतो. मीही एका दिवाळीत तेच केलं, आणि डिसेंबरात कुंडी उपसली तर आत बुळबुळीत लगदा. पिवळं पान दिसलं की पाणी कमी करा आणि खोड वाळलं की पूर्ण बंद. हिरवं खोड कापू नका, त्यातला रस अजून खाली कंदात उतरत असतो.

कोकणात, जिथे उन्हाळ्यात कुंडीवर पाणी पडायचा संभव नाही, तिथे कंद मातीतच राहू दिले तरी चालतात. शहरात शेजारच्या कुंड्यांचं पाणी गळतंच, म्हणून मी काढून ठेवते. कुंडी आडवी करून माती हाताने मोकळी करा, खुरपं वापरू नका. जुना कंद सालपटासारखा रिकामा झालेला असतो आणि त्याच्या जागी नवीन चिमटा तयार असतो, दोन टोकं, दोन डोळे. दोन्ही भुजा जोडावर आपणहून सुट्या होत असतील तरच वेगळ्या करा.

परदेशात कडाक्याच्या थंडीत राहणाऱ्यांनी मोसम आपल्या हवेशी जुळवून घ्यावा: वसंतात घरात उबेला कुंडी भरायची, बाहेर गरम झालं की गॅलरीत न्यायची, आणि पारा दहा अंशांखाली जायच्या आत परत आत आणायची.

कंद सावलीत चार दिवस सुकवून कोरड्या वाळूत किंवा लाकडाच्या भुशात, एकमेकांना न टेकता ठेवा. डब्यावर मोठ्या अक्षरांत ‘कळलावी, विषारी’ आणि वर्ष लिहा. डबा स्वयंपाकघरात ठेवायचा नाही, कांदे-बटाट्याच्या टोपलीजवळ तर कधीच नाही. मे संपत आला की उघडून एकेक टोक बघा. पांढुरका कोंब फुगायला लागला असेल तर कुंडी भरायची वेळ झाली.