अननसाच्या पातीचा वाख : काढणे, पारखणे आणि रेझिनमध्ये बसवणे

गोव्यातील कुळागरांत (सुपारी-नारळाच्या बागांत) सुपारीच्या सावलीला अननस लावला जातो आणि फळ उतरल्यावर त्याची पाती बहुधा तिथेच कुजते. या पातीतला वाख, म्हणजे लांब तंतू, चांगला निघाला, तर ताठपणात तो घायपाताच्या वाखाला मागे टाकतो. मात्र छापील तक्त्यातील ताणशक्तीचा (ओढ सोसून न तुटण्याच्या ताकदीचा) आकडा पाहून तो कोणत्या कामाला लावायचा हे ठरवू नये. आपल्या हवेत निकाल लागतो तो ओलाव्यावर.

आधी गुणधर्मांचे कारण समजून घ्यावे. पानाच्या तंतूत सेल्युलोजचे सूक्ष्म धागे मळसूत्रासारखे गुंडाळलेले असतात आणि तंतूच्या लांबीशी त्यांचा कोन जितका लहान, तितका तंतू ताठ व कमी ताणणारा असतो. अननसात हा कोन सुमारे ८ ते १५ अंश, घायपातात २० अंशांच्या आसपास, तर आपल्या ओळखीच्या काथ्यात ३० अंशांहून अधिक असतो. म्हणूनच काथ्या तुटण्यापूर्वी १५ टक्क्यांहून अधिक ताणतो, तर अननसाचा तंतू दोन टक्क्यांच्या आतच तुटतो. अननसाच्या वाखात सेल्युलोज साधारण ७० ते ८० टक्के असते आणि त्याची घनता घनसेंटिमीटरला सुमारे १.५ ग्रॅम भरते. काचतंतूची घनता २.५ च्या पुढे असल्यामुळे वजनाच्या हिशेबात ताठपणाची तुलना बरोबरीची होते, पण ताणशक्तीत काच बरीच वरचढ राहते.

काढणीसाठी फळ उतरल्यानंतर लगेच लांब, जून पण हिरवी पाती घ्यावी. अननसाच्या क्यू जातीच्या पानाला काटे मुख्यतः टोकाशीच असतात, त्यामुळे ती हाताळायला सोपी जाते. पान पाटावर दाबून धरावे आणि नारळाच्या करवंटीच्या कडेने किंवा बोथट पोलादी पट्टीने वरचा मेणचट थर खरवडून काढावा. मग पाती पाण्यात बुडवून ठेवावी आणि गर सुटू लागताच धुऊन वाख विंचरावा. जास्त दिवस ठेवल्यास जंतू गराबरोबर तंतूही खातात, म्हणून एक पात रोज बाहेर काढून पाहिलेली बरी. शंभर किलो हिरव्या पातीतून दोन ते तीन किलो कोरडा वाख मिळतो. वाहतुकीचा खर्च याच प्रमाणात सोसावा लागत असल्याने खरवडण्याचे काम बागेतच उरकणे शहाणपणाचे.

वाळवण हा खरा कसोटीचा भाग आहे. पावसाळ्यात ओसरीवर टांगलेला वाख वरून कोरडा वाटला तरी हवेतले पाणी ओढत राहतो आणि त्यावर बुरशीचे काळे डाग पडतात. शक्यतो काम पावसाळ्याबाहेर करावे, अन्यथा ६० ते ८० अंश सेल्सिअसच्या गरम हवेत वाळवावा. ओलावा मोजण्यासाठी नमुना तोलून १०५ अंशांवर वजन स्थिर होईपर्यंत ठेवावा आणि पुन्हा तोलावा. उघड्यावर ठेवलेल्या वाखात दहा टक्क्यांच्या आसपास पाणी निघाले, तर नवल वाटू नये.

ताणशक्ती मोजताना किमान वीस सुटे तंतू घ्यावेत आणि प्रत्येकाची जाडी सूक्ष्मदर्शकाखाली तीन-चार ठिकाणी मोजावी. अननसासाठी ४०० पासून १६०० मेगापास्कलपर्यंत (हे ताणशक्तीचे एकक) आकडे छापलेले आढळतात. तंतू गोल नसतो, एकाच धाग्याची जाडी ठिकठिकाणी बदलते, आणि जाडी चुकली की क्षेत्रफळ चुकते. सरासरीबरोबर विखुरणही (आकडे सरासरीपासून किती इकडेतिकडे पसरले ते) लिहिले नसेल, तर तो आकडा आराखड्यात धरू नये.

वाखाची फळी करायची, तर तो रेझिनमध्ये, म्हणजे ओतल्यावर घट्ट होणाऱ्या चिकट द्रवात, बसवावा लागतो; पण तंतूवरचा मेण व गोंद निघाल्याशिवाय रेझिन नीट चिकटत नाही. त्यासाठी कॉस्टिक सोड्याच्या पाच टक्के द्रावणात वाख सुमारे तासभर भिजवतात. हातमोजे व चष्मा घालून, प्लास्टिकच्या बादलीत, सोडा पाण्यात टाकावा; पाणी सोड्यावर ओतू नये आणि ॲल्युमिनियमचे भांडे तर मुळीच वापरू नये. नंतर सौम्य ॲसिटिक आम्लाने व साध्या पाण्याने लिटमस तटस्थ दाखवेपर्यंत धुवावे. तीव्रता वाढवल्याने चिकटपणा वाढतच जातो असे नाही, उलट तंतूच पोखरला जातो.

पहिल्या फळीसाठी वजनाने तीस टक्के वाख व सत्तर टक्के पॉलिएस्टर रेझिन हे प्रमाण धरावे. काचतंतूची मॅट (चटई) लावणारे कारागीर ज्या पद्धतीने ब्रश व रोलर चालवतात, तीच पद्धत येथेही चालते. फरक इतकाच, की वाख वाळवणीच्या गरम हवेतून काढल्यावर लवकर वापरावा लागतो, नाहीतर ओलाव्याने फळीत पोकळ्या राहतात. रेझिनऐवजी पॉलिप्रॉपिलीन (उष्णतेने वितळणारे प्लास्टिक) वापरायचे असल्यास तापमान २०० अंशांच्या खाली ठेवावे, कारण त्यापुढे वनस्पतीचा तंतू करपू लागतो.

तयार फळीचे दोन सारखे तुकडे कापावेत. एकाच्या कापलेल्या कडा रेझिनने बंद करून दुसऱ्याच्या उघड्या ठेवाव्यात आणि दोन्ही तोलून २४ तास पाण्यात बुडवावेत. पुसून पुन्हा तोलल्यावर उघड्या कडेचा तुकडा किती अधिक पाणी प्यायला ते दिसेल. फरक मोठा असेल, तर ती फळी घरातील पार्टिशनला किंवा ट्रेला वापरावी, होडीच्या तळाला नव्हे.