सोसायटीत झाडं आहेत, मग पाखरं का येत नाहीत? या चुका टाळा

पाऊस सुरू झाला की पुण्यातल्या सोसायट्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर वृक्षारोपणाचे निरोप फिरू लागतात. उत्साह खरा असतो, मेहनतही होते. तरी दोन-तीन वर्षांनी तक्रार येतेच: आवार हिरवंगार झालं, पण शिंजीर (फुलांतला मध पिणारा चिमुकला पक्षी) नाही, फुलपाखरू नाही. बहुतेक ठिकाणी कारण एकच असतं. झाडं लावताना ती कोण खाणार, याचा विचारच झालेला नसतो.

पटकन वाढतं म्हणून काहीही लावणं ही पहिली चूक. पुण्याच्या टेकड्यांवर गिरिपुष्प असंच पसरलं. फेब्रुवारीत गुलाबी बहर सुरेख दिसतो, पण झाड मूळचं मध्य अमेरिकेतलं. इथल्या पाखरांच्या पोटाला त्यातून फारसं काही मिळत नाही. शिवाय टेकडीवरचा गवताळ माळ म्हणजे पडीक जागा नव्हे. चंडोल, टिटवी तिथे जमिनीवरच अंडी घालतात. तिथे खड्डे खणू नका.

आवारात ऐसपैस जागा असेल तर उंबर लावा. त्याची फळं तांबट, कोकिळा, वटवाघळं, सगळेच खातात. इमारतीपासून आणि ड्रेनेजच्या पाइपपासून मात्र लांब, कारण मुळं आत शिरतात. जागा कमी असेल तर कढीपत्ता आणि लिंबू पुरे.

आता सगळ्यात मोठी चूक. कढीपत्त्याची पानं कुरतडलेली दिसली की माळ्याला फवारणी करायला सांगितलं जातं. आधी पान नीट उलटून-पालटून बघा. पक्ष्याच्या शिटेसारखी काळपट-पांढरी अळी दिसेल, मोठी झाली की हिरवीगार होते. हलकेच बोट लावलं तर डोक्यामागून लाल, दुटोकी शिंग बाहेर काढते आणि उग्र वास सोडते. ही कॉमन मॉरमॉन फुलपाखराची अळी. २०१५ साली महाराष्ट्राचं राज्य फुलपाखरू ठरलेल्या ब्लू मॉरमॉनच्या अळ्याही लिंबाच्या कुळातल्या झाडांवरच वाढतात. झाडाला पुन्हा पालवी फुटते, मेलेली अळी परत येत नाही. चिमण्याही पिल्लांना किडे-अळ्याच भरवतात, त्यामुळे फवारणीनंतर नुसतं लाकडी घरटं टांगून उपयोग नाही. घरटं लावायचंच तर सावलीत लावा आणि भोक सव्वा इंचाचं ठेवा. त्याहून मोठं असेल तर साळुंकी शिरते. कुंपणालगतची रुईही तण समजून उपटू नका, प्लेन टायगर फुलपाखराच्या अळ्या तिच्यावर जगतात.

गच्चीत पोतंभर धान्य टाकलं की कबुतरांचीच गर्दी होते. त्याऐवजी पसरट भांड्यात पाणी ठेवा आणि ते रोज घासा, म्हणजे डासही होणार नाहीत.

रोप जगतच नसेल तर शेजारची माती उकरून बघा. प्लॅस्टिकची पिशवी न काढताच रोप पुरलेलं अनेकदा सापडतं. मोठं झाड वाळत असेल तर बुंध्याशी बघा: पेव्हर ब्लॉक अगदी खोडाला भिडलेले असतात, किंवा जुन्या ट्री गार्डची तार सालीत रुतलेली असते. तार कापून काढा आणि खोडाभोवती सगळ्या बाजूंनी निदान एक मीटर माती मोकळी करा. गळलेला पाला जाळू नका, तिथेच पसरा.

राहिली छाटणी. ती नेमकी मे-जूनमध्ये उरकली जाते, कावळ्या-बगळ्यांच्या विणीच्या दिवसांत. महाराष्ट्रात १९७५ च्या वृक्ष संरक्षण कायद्याखाली वृक्ष अधिकाऱ्याची परवानगी घ्यावी लागते आणि तिला वेळ लागू शकतो. धोकादायक फांद्यांचा अर्ज दिवाळी झाली की लगेच टाका, म्हणजे काम थंडीतच होईल.