मशीनचा रविवार

घरच्या कॉफी मशीनची साफसफाई काढायची तर सगळ्यात आधी वार ठरवा. पुण्यात राहत असाल तर गुरुवार-शुक्रवार सोडूनच द्या. गुरुवारी दुरुस्तीसाठी पाणी बंद, आणि शुक्रवारी सकाळी येतं ते कमी दाबानं आणि गढूळ, हे आपल्याला पाठ आहे. एस्प्रेसो मशीनचं डिस्केलिंग, म्हणजे आत साचलेले क्षार काढणं, एकदा सुरू केलं की अर्धा-पाऊण तास मधे थांबवता येत नाही. शिवाय शेवटी निदान एक टाकीभर चांगलं पाणी आतून फिरावं लागतं. वळवाचं वारं सुटलंय, लाइट जा-ये करतायत, असा दिवसही नको. अर्ध्यावर वीज गेली तर आम्ल आतल्या नळ्यांत बसून राहतं.

मी लिहितेय ते पूर्ण ऑटोमॅटिक मशीनबद्दल. बटण दाबलं की आपणच बीन्स दळतं, दाबतं, गरम पाणी सोडतं आणि उरलेला चोथा गोल चकती करून डब्यात टाकतं, ते. दांड्याला गाळणी अडकवून हातानं चालवायचं मशीन निराळं, त्याचं शास्त्रही निराळं.

ओट्यावर आधी सगळं सामान काढून ठेवा, कारण ओले हात घेऊन कपाटं उघडत बसायला वैताग येतो. डिस्केलिंगचं द्रव, कॉफीचं तेल काढायच्या गोळ्या, पाण्याचा जडपणा मोजायच्या कागदी पट्ट्या, खाण्याच्या वस्तूंना चालणारं सिलिकॉन ग्रीस, रंगकामाचा एक इंची कोरा ब्रश, जुना टूथब्रश, टॉर्च, दोन जुने पंचे आणि नळीखाली मावेल असं दोन लिटरचं बसकं पातेलं. उंच पातेलं नळीखाली जात नाही, हे डिस्केलिंग सुरू झाल्यावर कळतं. क्षाराचं आणि तेलाचं औषध वेगवेगळं का, असं दुकानात हमखास विचारलं जातं. पांढरा थर पाण्यातून येतो, तो आम्लानं सुटतो. तपकिरी चिकट थर कॉफीच्या तेलाचा, त्याला गोळी लागते. एकाचं काम दुसऱ्याकडून होत नाही.

आता पाणी. इथे जरा थांबायला हवं, कारण या मशीनच्या दुखण्यांचं मूळ बऱ्याचदा पाण्यातच असतं. डिस्केलिंगचा दिवा लागतो तेव्हा मशीननं आत डोकावून क्षार पाहिलेले नसतात. त्यातून किती लिटर पाणी गेलं एवढंच त्याला ठाऊक असतं, आणि पाणी किती जड हे आपण सेटिंगमध्ये सांगितलेलं असतं. दोन्हीवरून ते हिशोब लावतं. म्हणजे मशीन मोजतं, बघत नाही. सेटिंग चुकीचं असेल तर हिशोबही चुकीचा. म्हणून पट्टी सेकंदभर पाण्यात बुडवायची, मिनिटभर थांबायचं, रंग बदललेले चौकोन मोजायचे आणि तोच आकडा मशीनमध्ये भरायचा. आमच्या सोसायटीत पावसाळ्यात एखादाच चौकोन बदलतो. एप्रिलमध्ये टँकर आणि बोअर सुरू झालं की चारही बदलतात. तेव्हा वर्षातून दोनदा तरी मोजा, आणि पट्टी टाकीत नको, वेगळ्या पेल्यात बुडवा.

पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात, आयएस 10500 मध्ये, जडपणाची मर्यादा लिटरला 200 मिलिग्रॅम आहे. दुसरी सोय नसेल तर 600 पर्यंत चालवून घेतलं जातं. मशीनच्या पुस्तिकेत मात्र आकडे बहुधा जर्मन अंशांत असतात. एक अंश म्हणजे साधारण 17.8 मिलिग्रॅम, म्हणजे आपले 200 झाले जेमतेम अकरा अंश. फिल्टरवाला पेनासारखं यंत्र बुडवून जो टीडीएस सांगतो तो आकडा इथे घालू नका. टीडीएसमध्ये विरघळलेलं सगळंच आलं, मीठसुद्धा. जडपणा म्हणजे मुख्यत्वे कॅल्शियम आणि मॅग्नेशियम.

मग आरओचंच पाणी घालू, प्रश्न मिटला, असं वाटतं. अगदी कमी टीडीएसच्या पाण्यात कॉफी पाणचट, पोकळ लागते, आणि काही मशीनांच्या सेन्सरला असं पाणी टाकीत असूनही दिसत नाही. टाकी काठोकाठ भरलेली आणि पडद्यावर ‘पाणी भरा’! स्पेशालिटी कॉफीवाले टीडीएस 150 च्या आसपास धरतात. आरओ आणि साधं गाळलेलं पाणी मिसळून तिथे पोचता येतं. आम्ही उन्हाळ्यात तीन तांबे आरओचे आणि एक नळाचं असं घालतो. तुमचं प्रमाण तुमच्या नळावर.

डिस्केलिंगसाठी व्हिनेगर नको. वास दिवसेंदिवस जात नाही आणि रबराच्या वॉशरांना ते सोसत नाही. ढोकळ्यासाठी आणलेल्या लिंबूसत्त्वाबद्दल मतं आहेत. किटलीला ते उत्तम. पण मशीन गरम असताना आणि आत क्षार भरपूर असताना त्यातून कॅल्शियम सायट्रेटचा पांढरा गाळ बनू शकतो, आणि बारीक नळीत तो अडकला तर क्षार बरे होते म्हणायची पाळी. लॅक्टिक आम्लाचं तयार द्रव महाग पडतं, तरी मी तेच आणते. सुरू करण्याआधी टाकीतला पाण्याचा फिल्टर काढून ठेवा, पुस्तिकेत लिहिलेल्या मापानंच द्रव घाला, आणि चुनखडीचे तुकडे पातेल्यात पडले तर घाबरू नका, त्यासाठीच हा खटाटोप. धुऊन झाल्यावरची पहिली कॉफी सिंकमध्ये ओता.

दुसरी मोठी गोष्ट ब्रू ग्रुप. बाजूचं दार उघडलं की दिसणारा हा प्लास्टिकचा ठोकळा म्हणजे मशीनचं पोट. दळलेली कॉफी याच्यातच दाबली जाते. डेलोंगी, फिलिप्स, गॅजिया यांच्या बहुतेक घरगुती मॉडेलांत तो हातानं बाहेर येतो. जुराच्या मशीनांत येत नाही, तिथे गोळीवरच भिस्त. बाहेर येत असेल तर आठवड्यातून एकदा नळाखाली कोमट पाण्यानं धुवा, साबण न लावता. साबणानं ग्रीस निघून जातं. भांडी घासायच्या मशीनमध्ये तर मुळीच घालू नका. वरची बारीक जाळी बोटानं चोळली की तपकिरी तेलकट पाणी सुटतं. ते सुटायचं थांबेपर्यंत चोळायचं. तोवर आतल्या पोकळीतला कोरडा भुगा ब्रशनं झाडून घ्या. तिथे पाणी नको, ओला भुगा सिमेंटसारखा बसतो.

ग्रीस दोन-तीन महिन्यांनी, तांदळाच्या दाण्याएवढं, सरकणाऱ्या खाचांना आणि रबरी रिंगेला. घरात शिलाई मशीनचं तेल आहे म्हणून ते लावू नका. खोबरेलही नको, ते थंडीत गोठतं आणि पुढे खवट होतं.

ब्रू ग्रुप काढण्याआधी मशीन त्याच्या स्वतःच्या बटणानंच बंद करा. हे मी अनुभवानं सांगतेय. एकदा घाईत मी भिंतीवरचं बटण बंद केलं, दार उघडलं, आणि ठोकळा हलेना. खेचला, शिव्या घातल्या, यूट्यूब पाहिलं. झालं एवढंच होतं की मधेच वीज तोडल्यानं तो वर चढलेला तसाच राहिला होता. खाली, जागेवर येऊन उभा राहिल्याशिवाय तो सुटत नाही. पुन्हा चालू केलं, घर्र घर्र करत तो खाली आला, मग नीट बंद केलं, आणि लोण्यातून सुरी निघावी तसा बाहेर आला. मी आणखी जोर लावला असता तर कडी तुटली असती.

बीन्सचं सामान साधं. भाजणीची तारीख छापलेलं पाकीट, मध्यम भाजणी. काळेकुळे, तेलानं चमकणारे दाणे वरच्या डब्यात एकमेकांना चिकटतात, खाली सरकत नाहीत, आणि डबा भरलेला असताना मशीन बीन्स मागतं. साखर किंवा स्वाद लावलेले दाणे आत घालूच नका. फिल्टर कॉफीची चिकोरीवाली पावडर वेगळ्या खणातून घालायचा मोह दाक्षिणात्य शेजाऱ्यांमुळे आम्हालाही झाला होता. चिकोरी ओली झाली की चिकटते आणि जाळी बुजवते. ती पितळी फिल्टरातच चांगली. आणि पाकीट थेट ओतण्याआधी दाणे ताटात पसरून तांदूळ निवडतो तसे एकदा नजरेखालून घाला. एक खडा दळणयंत्रात गेला तर खर्च मोठा. पावसाळ्यात डब्यात दोन-तीन दिवसांपुरतेच दाणे ठेवा.

दळण जाड-बारीक करायचा खटका मात्र दळण चालू असतानाच फिरवायचा, एका वेळी एकच खाच, आणि फरक पडला का ते दोन-तीन कपांनंतर बघायचं. आपण गिरणीवाल्याला ‘जरा बारीक’ सांगतो, तसा हा लगेच ऐकत नाही. मधल्या नळीत आधीचं पीठ शिल्लक असतं. कॉफी दहा-बारा सेकंदांत धो धो खाली आली तर दळण जाड आहे. थेंब थेंब पडून पंप कण्हत असेल तर फार बारीक. खोक्यावरच्या ‘15 बार’ला भुलायचं कारण नाही, एस्प्रेसोला साधारण नऊ बार दाब पुरतो.

दुधाचा भाग आमच्याकडे भांडणाचा. आई दूध तापवते, त्यावर साय धरते, आणि तेच दूध मशीनच्या दुधाच्या डब्यात ओतते. सायीचा एक तुकडा दुधाच्या नळीत बसला की फेस येत नाही, नुसतं गरम दूध फुरफुरत पडतं. मशीन बिघडलं, असं दोनदा आमच्या घरात जाहीर झालंय. दोन्ही वेळा टूथब्रशनं दुरुस्त झालं. तापवलेलं दूध वापरायचंच असेल तर फ्रिजमध्ये पूर्ण गार करून गाळून घ्या. फेसाला सायीपेक्षा प्रथिनं महत्त्वाची, त्यामुळे 3 टक्के फॅटचं टोन्ड दूधही छान फुलतं. हवा आत घेणारं टाचणीएवढं छिद्र असतं, ते वाळलेल्या दुधानं बुजतं; टॉर्च त्याच्यासाठी काढून ठेवलाय. डब्याचे सगळे भाग रोज सुटे करून धुवा. इथे आळस चालत नाही, वास दुसऱ्या दिवशी सांगतो.

चोथ्याचा डबा भरला हेही मशीन बघत नाही, मोजतं. मशीन बंद असताना डबा रिकामा केला तर बऱ्याच मॉडेलांना ते कळतच नाही, आणि रिकामा डबा भरलाय म्हणून ते अडून बसतं. चालू असताना काढा, काही सेकंद थांबा, मग लावा. दिवा लागायची वाट मात्र बघू नका. जुलैच्या दमटपणात दोन-तीन दिवसांत चोथ्यावर पांढरी-हिरवी बुरशी येते. उबदार मशीनच्या मागे झुरळांचीही सोय होते, तेव्हा मशीन सरकवून मागची भिंत पुसणं हेही रविवारच्या कामांत धरा.

सर्व्हिसवाल्याला फोन लावण्याआधी एवढं करून बघा. पंप मोठ्यानं खडखडतोय आणि पाणी येत नाही, तर बहुधा आत हवा अडकलीय. टाकी काढून घट्ट बसवा, गरम पाण्याची तोटी चालू करून पाणी सलग येईपर्यंत सोडा, लागलं तर दोन-तीनदा. नवा फिल्टर बसवला असेल तर तो आधी पाण्यात बुडवून बुडबुडे थांबेपर्यंत धरायचा होता, तेच राहिलं असेल. खालच्या ट्रेमध्ये पाणी दिसलं तर लगेच गळती समजू नका. चालू-बंद होताना मशीन स्वतःला खंगाळतं, ते पाणी तिथेच जातं. पण कॉफी पातळ, कप अर्धा आणि ट्रे भरलेला, असं रोज होत असेल तर ब्रू ग्रुपची रबरी रिंग झिजली. ती स्वस्तात मिळते, मॉडेल क्रमांक सांगून मागवा. जळका वास, फ्यूज उडणं, बाहेरून झिणझिण्या, यांपैकी काही असेल तर मात्र प्लग काढा आणि स्वतः स्क्रू खोलू नका.

प्लगवरून आठवलं. 1450 वॅटच्या मशीनला 230 व्होल्टवर सहा अ‍ॅम्पियरहून जास्त करंट लागतो, म्हणजे छोटा सॉकेट नाही, 16 अ‍ॅम्पियरचा आणि अर्थिंग असलेलाच हवा. युरोपातून आणलेल्या मशीनचा दोन जाड पिनांचा प्लग प्रवासी अडॅप्टरात बसतो, पण त्याची अर्थिंग बाजूच्या पट्टीत असते, ती बऱ्याच अडॅप्टरांत जोडलीच जात नाही. इलेक्ट्रिशियनकडून टोक बदलून घ्या. अमेरिकेतून येणाऱ्या भावाला ‘सेलमध्ये मिळालं तर आण’ म्हणणार असाल तर म्हणू नका. तिथलं मशीन 120 व्होल्ट, 60 हर्ट्झचं.

गणपतीला दहा दिवस गावी निघताना टाकी रिकामी करून पालथी घाला, दाणे संपवा, दुधाचा डबा धुवा, ब्रू ग्रुप काढून कोरडा करून ओट्यावर ठेवा, बाजूचं दार किलकिलं ठेवा. शिकागो-टोरांटोकडचे कोणी हिवाळ्यात मशीन थंड गॅरेजमध्ये टाकणार असतील तर नळ्यांतलं पाणीही पुस्तिकेप्रमाणे काढा, नाहीतर ते आत गोठून नळी फोडतं.

एवढ्यानंही भागलं नाही तर दाराच्या आत किंवा तळाशी चिकटवलेल्या मॉडेल क्रमांकाच्या पट्टीचा फोटो, बिघडताना येणाऱ्या आवाजाचा व्हिडिओ आणि शेवटचं डिस्केलिंग कधी केलं ती तारीख तयार ठेवा. ही तारीख मी फ्रिजवरच्या दूधवाल्याच्या कॅलेंडरवर लिहिते. मशीन पाठवायचं झालं तर टाकी आणि ट्रे रिकामे, डब्यात एकही दाणा नाही, आणि मूळ थर्माकोलसकट मूळ खोकं. ते माळ्यावर आहे. दर दिवाळीला मी ते टाकायला काढते, आणि दर दिवाळीला पुन्हा वर ठेवते.