फ्लॉरेन्सला स्केचबुक घेऊन जाताय? उफ्फिझी शेवटी ठेवा

फ्लॉरेन्सला पोचलेला चित्रकार दुसऱ्या दिवशी सकाळी उफ्फिझी या तिथल्या प्रसिद्ध चित्रसंग्रहालयाच्या रांगेत उभा असतो. तुम्ही राहू नका. तिथली बोत्तिचेल्लीची गाजलेली चित्रं कुठे पळून जात नाहीत. आधी इथले जुने चित्रकार काम कसे करायचे ते बघून घ्या, तयार चित्रं नंतर. मी ड्रॉइंगचा मास्तर, त्यामुळे हा क्रम जरा शाळामास्तरी वाटेल. पण या क्रमाने गेलं की उफ्फिझीत डोळा वेगळाच चालतो.

सामान कमी ठेवा. ए-५ आकाराची शिवलेली वही, २बी आणि ६बी पेन्सिल, खोडरबर, बस्स. जलरंग, शाई, चारकोल खोलीवरच राहू द्या. संग्रहालयात चालते ती पेन्सिल. पेन्सिल ब्लेडने तासायची सवय आपल्या हाडीमासी खिळलेली, पण दारात तपासणी असते. तेव्हा भुसा आतच साठवणारा डबीचा शार्पनर घ्या. मोठी पिशवी बाहेर ठेवून घेतात. वही उघडण्याआधी तिथल्या राखणदाराकडे बघून ‘पोस्सो दिझेन्यारे?’, म्हणजे ‘रेखाटन करू का?’, एवढं विचारा. बहुतेक वेळा मान हलते, आणि मग तुम्ही वाटेत उभे असलात तरी तो हटकत नाही.

सुरुवात सांतापोल्लोनियाच्या मठातल्या जुन्या भोजनगृहापासून करा. आंद्रेआ देल कास्ताञ्ञोने १४४७ मध्ये इथे अख्ख्या भिंतीभर ख्रिस्ताचं शिष्यांबरोबरचं ‘शेवटचं भोजन’ रंगवलं. टेबलाच्या अलीकडे एकटा दगाबाज शिष्य जूडास बसलाय, बाकी सगळे पलीकडे. पण आपलं काम मुख्यतः वरच्या चित्रांशी आहे. ती जतनासाठी भिंतीवरून उतरवली, तेव्हा खालच्या गिलाव्यावरची लाल मातीच्या रंगातली कच्ची रेखाटनं सापडली, आणि तीही इथेच मांडली आहेत. या रेखाटनाला सिनोपिया म्हणतात. रंग साधारण आपल्या गेरूचा. तीच उतरवून काढा. हात कुठे थांबला, कुठे रेघ बदलली, सगळं दिसतं.

तिथून चालत सान मार्कोचा मठ. फ्रा अँजेलिकोने १४४०च्या आसपास भिक्षूंच्या एकेका कोठडीत एकेक भित्तिचित्र काढलं. जिना चढताच समोर देवदूत आणि मेरी येतात. तिथे गर्दी असते, म्हणून आधी कोठड्यांकडे वळा. भिंतीकडे समोरून बघून झालं की तिरकं बघा, अगदी कडेला जाऊन. गिलाव्याचे जोड दिसतील. ओल्या चुन्यावर रंग बसायचा, म्हणून एका दिवसात रंगवून होईल तेवढाच गिलावा लावायचे. एक तुकडा म्हणजे एक दिवस. चेहऱ्याला अख्खा दिवस, आभाळाचा मात्र मोठा पट्टा एका दमात. अजिंठ्याची चित्रं बघितलेल्यांना हा फरक लगेच कळेल: तिथे कोरड्या गिलाव्यावर, रंगात चिकटद्रव्य घालून काम झालंय, घाईचं कारण नव्हतं. इटलीतही निळा रंग बऱ्याचदा भिंत वाळल्यावर लावायचे, म्हणून पुष्कळ ठिकाणी नेमका निळाच गळालेला दिसतो. सान मार्को दुपारी लवकर बंद होतं, तेव्हा सकाळच गाठा.

जवळच किओस्त्रो देल्लो स्काल्झो हे छोटं अंगण आहे. ते ठरावीक दिवशीच उघडतं, वेळा आधी बघून ठेवा. पण चुकवू नका. आंद्रेआ देल सार्तोने इथली भित्तिचित्रं फक्त करड्या-तपकिरी छटांत रंगवली आहेत. टोनचा याहून चांगला वर्ग मला ठाऊक नाही. पोस्टकार्डाएवढी चौकट आखा, डोळे किलकिले करा आणि तीनच छटांत आकृत्या बसवा. तपशिलात शिरायचं नाही.

शिल्पांसाठी बार्जेल्लो हे संग्रहालय. दोनातेल्लोचा ब्राँझचा डेव्हिड आहेच, पण मी माणसाला आधी दोन छोट्या फलकांपुढे उभं करतो. बॅप्टिस्टरीच्या, म्हणजे बाप्तिस्म्याच्या इमारतीच्या दारांसाठी १४०१ साली स्पर्धा झाली, विषय आयझॅकचं बलिदान: बायबलमधला अब्राहम देवाच्या आज्ञेवरून मुलाचा बळी द्यायला निघतो आणि देवदूत त्याला थांबवतो. गिबेर्ती आणि ब्रुनेलेस्की, दोघांचेही नमुने इथे आहेत. एकच गोष्ट, एकाच आकाराची चौकट. ब्रुनेलेस्कीकडे झटापट आहे, सुरी मानेला टेकलेली, देवदूताने अब्राहमचं मनगट धरलेलं. गिबेर्तीकडे सगळं डौलात वळतं. काम गिबेर्तीला मिळालं. दोन्हींच्या फक्त मुख्य रेषा काढा आणि मग तुम्ही कोणाला दिलं असतं ते ठरवा. माझं मत ब्रुनेलेस्कीला.

अकादेमिया या संग्रहालयात मायकेलअँजेलोच्या ५.१७ मीटर उंच डेव्हिडपुढे फोनच फोन. त्याची प्रतिकृती पियाझ्झा देल्ला सिन्योरियात उघड्यावर आहे, रेखाटन तिथे निवांत होतं. आत वेळ घालवायचा तो वाटेवरच्या ‘कैदी’ नावाच्या त्याच्याच अपुऱ्या पुतळ्यांपाशी. संगमरवरावर दातेरी छिन्नीचे ओरखडे दिसतात, आणि ते आकाराभोवती कसे वळतात ते हॅचिंग, म्हणजे समांतर रेघांनी छटा, करणाऱ्याने मुद्दाम बघावं.

नदीपलीकडच्या ब्रांकाच्ची प्रार्थनागृहाचं तिकीट वेळ ठरवून आधीच काढा. आत वेळ मोजून मिळतो, म्हणून मासाच्चोचे ॲडम आणि ईव्ह हे एकच चित्र निवडा. मायकेलअँजेलोही पोरवयात इथेच नकला उतरवायचा.

आता उफ्फिझी. सोमवारी बंद. महिन्याच्या पहिल्या रविवारी फुकट असतं, म्हणूनच त्या दिवशी जाऊ नका. दुपारनंतरचं तिकीट घ्या, गटवाले पांगलेले असतात. चिमाबुए, दुच्चो आणि जोत्तो यांच्या तीन मोठ्या मॅडोना, म्हणजे बाळ येशूसह मेरीची चित्रं, एकाच दालनात आहेत. फक्त गुडघे बघा. जोत्तोच्या कापडाखाली खरोखरीचा पाय आहे. मग लिओनार्दोचं १४८१ साली सुरू करून अर्धं सोडलेलं ‘मागींचं वंदन’, म्हणजे बाळ येशूच्या दर्शनाला आलेले पूर्वेकडचे ज्ञानी पुरुष. तपकिरी पायाभूत रंग, घोडे, जिने, सगळं कच्चं उघडं पडलंय. सिनोपिया आणि स्काल्झो बघून आलेला माणूस इथे तासभर हलत नाही.

उफ्फिझीकडे रेखाटनांचाही प्रचंड संग्रह आहे, पण उजेडाने कागद खराब होतो म्हणून ती कायम टांगलेली नसतात. तिकीट काढतानाच रेखाटनांचं एखादं प्रदर्शन चालू आहे का ते तपासा. असेल तर बोत्तिचेल्लीच्या दालनातला वेळ कापून तिकडे द्या.