चिनी बोटचित्र: पक्षी-फांदी काढताना या चुका टाळा

कुंचल्याऐवजी बोटांनी आणि नखांनी शाईचं चित्र काढण्याच्या या कलेला चीनमध्ये 'झिहुआ' म्हणतात. छिंग राजवटीतले चित्रकार गाओ छीपेई (१६६०–१७३४) यांनी तिला मान मिळवून दिला, तर विसाव्या शतकात पान थिएनशोउ यांनी गरुड आणि कमळं बोटांनीच रंगवली. शिकताना होणाऱ्या बहुतेक चुकांचं मूळ एकच: बोटाला कुंचला समजणं. कुंचल्याच्या पोटात शाई साठते, बोटात साठत नाही.

म्हणूनच रेघ दोन-तीन इंचांवर तुटते. तुटलेल्या जागी पुन्हा बोट टेकवलं की ओल्या कडेवर ओली शाई चढते आणि फांदीला काळी गाठ येते. तुटू द्या. किंचित पुढून, त्याच दिशेने नवी रेघ सुरू करा. मधली फट नजर आपोआप भरते. बोटचित्राची खरी गोडी या तुटक रेघेतच आहे.

नख फार आखूड असेल तर चोचही फराटा होऊन बसते; फार लांब असेल तर मांस कागदाला टेकत नाही आणि ओला कागद खरवडला जातो. नख दोन-तीन मिलिमीटर पुढे ठेवा. निव्वळ नखाची रेघ तारेसारखी कोरडी दिसते, निव्वळ मांसाची मऊ पडते. बोट तिरपं धरून दोन्ही एकदम टेकवा.

शाईचे थेंब पडतात ते बशी दूर ठेवल्यामुळे. उथळ बशी दुसऱ्या हातात, कागदाच्या अगदी जवळ धरा आणि बोट कडेला निथळून घ्या. कच्च्या शुआन कागदावर (तुरटी-सरस न दिलेला, शाई शोषणारा चिनी कागद) थेंब क्षणात पसरतो. नवशिक्यांनी अर्धवट तुरटी-सरस दिलेला कागद घ्यावा, खाली लोकरी नमदा.

पक्ष्याची सुरुवात चोच आणि डोळ्यापासून करा. डोळ्याचं वर्तुळ करंगळीच्या नखाने काढा, बुबुळ भरताना कणभर पांढरं सोडा. ते बुजलं की पक्षी निर्जीव दिसतो. छातीला एक भाग शाईत पाच-सहा भाग पाणी घालून बोटाच्या पेराने हलके ठसे द्या. इथे छाती मळकट झाली तर दोष बहुधा नखाखाली अडकलेल्या गडद शाईचा असतो. फिकट छटेआधी बोट धुवा, नखाखालून ओलं फडकं फिरवा. कमळाच्या पानाला मात्र तळहातच हवा, आणि तोही एकदाच टेकवायचा.