शांत दिसणारा किनारा निवडताना या चुका टाळा

नाताळची सुट्टी जवळ आली की पुण्या-नाशिककडच्या नातेवाइकांचे फोन सुरू होतात. "लहान मुलं आहेत, आई-बाबा आहेत, लाटा नसलेला एखादा किनारा सांग ना." मी कुडाळला राहते, त्यामुळे मला सगळं ठाऊक असणार असं त्यांनी गृहीत धरलेलं असतं. मी आधी विचारते, "कुठल्या तारखेला येताय?" समोरच्याला वाटतं, खोल्यांच्या बुकिंगसाठी विचारतेय. तसं नसतं. तारखेवरून तिथी कळते, तिथीवरून भरतीची वेळ कळते आणि ती कळल्याशिवाय कुठल्याच किनाऱ्याचं नाव सांगण्यात अर्थ नाही.

दोन डोंगरांच्या कुशीत समुद्र आत शिरलेला असतो तिथली पुळण, म्हणजे वाळूचा किनारा, कुटुंबासाठी चांगली, हे खरंच आहे. आमच्याकडची निवती, मालवणची चिवला, गुहागरच्या बाजूचं वेळणेश्वर, गोव्यात काणकोणचं पाळोळे ही सगळी त्या जातीची ठिकाणं. उघड्या समुद्रावरून येणारी लाट डोंगराच्या नाकाला अडते, वळते, पसरते आणि पुळणीपर्यंत पोचेतो तिचा जोर ओसरलेला असतो. चिवल्यासमोर तर पाण्यातले खडकही लाट अडवतात. समुद्रात पोहण्याच्या स्पर्धा तिथे होतात त्या काही उगाच नाहीत. पण हा शांतपणा दिवसाचे चोवीस तास नसतो आणि किनाऱ्याच्या सगळ्या कोपऱ्यांत सारखाही नसतो. चुका होतात त्या इथेच.

फोटो बघून किनारा ठरवणे

मोबाइलवरचा फोटो कुठल्या महिन्यातला, किती वाजताचा, भरतीचा की सुकतीचा, हे कुणी लिहीत नाही. रत्नागिरीजवळच्या आरे-वारेचा घाटरस्त्यावरून काढलेला फोटो पाहिला की कुणालाही वाटेल, खाली उतरावं आणि पाण्यात शिरावं. तो किनारा वरून डोळे भरून बघावा असाच आहे, पण पोहायला जाऊ नये. अलिबाग-मुरूड रस्त्यावरचं काशीद तसंच. पांढरी वाळू सुंदर, पण उतार तीव्र.

उतार ओळखायला पट्टी लागत नाही. लाट कशी फुटते ते पाच मिनिटं उभं राहून बघा. दूरवर फुटून फेसाच्या तीन-चार ओळी सावकाश सरकत येत असतील तर तळ उथळ आहे. लाट अगदी पायाशी येऊन धाडकन आपटत असेल आणि परतताना वाळू खसाखसा ओढून नेत असेल, तर दोन पावलांवर पाणी कमरेच्या वर आहे असं समजा. अशा जागी मुलांना गुडघाभर पाण्यातसुद्धा नेऊ नका. गुडघ्याइतकं पाणी पुढच्या लाटेला छातीशी येतं.

तिथी न बघता निघणे

माझ्या मते सगळ्यात मोठी चूक हीच.

किनाऱ्यावरच्या जुन्या माणसांचा हिशोब साधा आहे. तिथीला पाऊणने गुणायचं, पूर्ण भरतीची वेळ येते. शुद्ध असो की वद्य, पंचमीला पाच गुणिले पाऊण म्हणजे पावणेचार. त्या दिवशी पहाटे आणि दुपारी पावणेचारच्या सुमाराला भरती पूर्ण होते. त्याच्या आधी आणि नंतर साधारण सहा तासांनी सुकती, म्हणजे ओहोटी, पूर्ण. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो. नेमकी वेळ हवी तर भरतीचा तक्ता दाखवणारं ॲप बघा, पण फोनवर बोलता बोलता ठरवायला हा हिशोब पुरतो.

आता पौर्णिमा घ्या. भरती सव्वाअकरा-बाराला पूर्ण. तिथून पाणी उतरायला लागतं आणि दुपारी अडीच-तीनला उतरण्याचा वेग सगळ्यात जास्त असतो. त्यात पौर्णिमा आणि अमावस्या म्हणजे उधाणाचे दिवस, पाणी एरवीपेक्षा जास्त चढतं आणि जास्त उतरतं. लोक काय करतात? चांदणं बघायला म्हणून शनिवार-रविवारची पौर्णिमा धरून येतात, जेवून, जरा पडून तीनला पाण्यात उतरतात. म्हणजे समुद्र सगळ्यात जोरात बाहेर ओढत असतो नेमकी ती वेळ.

याउलट अष्टमीच्या आसपास भांगाची भरती असते. चढउतार कमी, ओढ कमी. सुकती बाराला, भरती संध्याकाळी सहाला. साडेतीन ते साडेपाच पाणी आत येत असतं, मुलांना किनाऱ्याकडे ढकलत असतं, ऊनही कललेलं असतं. लहान मुलं बरोबर असतील तर मी तरी अष्टमी-नवमी धरूनच बोलावते.

सुटी हलवता येत नसेल तर निदान वेळ हलवा. पौर्णिमेला सकाळी आठ ते दहा पाण्यात खेळा, दुपारी किल्ला बघा.

आणखी एक. मुंबईकडे भरती-ओहोटीतला फरक मोठा असतो, उधाणाला चार-पाच मीटरपर्यंत जातो. मालवण-गोव्याकडे तो साधारण दोन मीटरच्या आसपास. त्यामुळे अलिबागला ओहोटीत समुद्र पार लांब जातो आणि माणसं त्याच्या मागे मागे चालत जातात. परत फिरतो तेव्हा तो सखल भागातून वळसा घालून पाठीमागून येतो. पाळोळ्याला उत्तर टोकाच्या बेटावर सुकतीला चालत जाता येतं, तिथेही हाच धोका. जायचंच तर पूर्ण सुकतीच्या आधी जा आणि पाणी फिरायच्या आत परत या.

सकाळचं गुळगुळीत पाणी आणि हवेचा फुगा

शाळेत भूगोलात खारे वारे आणि मतलई वारे शिकलो होतो. दिवसा समुद्राकडून जमिनीकडे, रात्री आणि पहाटे जमिनीकडून समुद्राकडे. परीक्षेपुरतं पाठ केलं आणि सोडून दिलं.

काही वर्षांपूर्वी जानेवारीत निवतीला सकाळी आठला आम्ही पोचलो. पाण्यावर सुरकुती नव्हती. भाच्याने नवा कोरा फुगवायचा हंस आणला होता. मी स्वतः फुंकून फुगवला, त्याला वर बसवला, गुडघाभर पाण्यात सोडला आणि चप्पल बाजूला ठेवायला वळले. चप्पल ठेवून मान वर केली तर हंस पंधरा-वीस फूट पुढे होता. लाट नाही, आवाज नाही, पोरगं हसत होतं. मी पळाले, पाणी छातीला लागलं, तरी अंतर वाढतच होतं. डोंगरावरून येणारा मतलई वारा त्या हंसाच्या पाठीवर शिडासारखा बसला होता. रापणीची, म्हणजे किनाऱ्यावरून जाळं ओढणारी, माणसं होडी घेऊन बाहेर पडत होती, त्यातल्या एका काकांनी वल्ह्याने हंस अडवला आणि पोराला उचलून आत घेतलं. परत आणून देताना एवढंच म्हणाले, "बाये, सकाळचो वारो भायर नेता. ह्या फुग्यार पोराक बसवू नको." माझे हात संध्याकाळपर्यंत थरथरत होते.

तेव्हापासून हवेची ट्यूब, हंस, गादी हे सगळं आम्ही तलावापुरतं ठेवलं आहे. समुद्रात लाइफ जॅकेटच. वारा बघायची खूण सोपी आहे: मूठभर कोरडी वाळू सोडा. ती पाण्याकडे उडाली तर तरंगणारी कुठलीही वस्तू मुलाच्या हाती देऊ नका. कयाक चालवायला मात्र हीच सकाळ चांगली, कारण पाणी सपाट असतं. फक्त आधी वाऱ्याविरुद्ध वल्हवून बघा आणि किनाऱ्याला धरून जा. समोरच्या खडकापर्यंत जायचा मोह झाला तर परत येण्यासाठी निम्मा दम शिल्लक राहील का, ते आधी तपासा.

खडकाच्या कडेला बसकण मारणे

कुटुंबाला सावली हवी, आडोसा हवा, म्हणून मंडळी पुळणीच्या टोकाला, खडकाला लागून चटई घालतात आणि तिथूनच पाण्यात उतरतात. किनाऱ्याला तिरक्या येणाऱ्या लाटा पाणी एका बाजूला लोटत नेतात. ते पाणी खडकाला धडकतं आणि खडकाच्या कडेकडेने समुद्रात परत जातं. तिथे लाट फुटताना दिसत नाही, पाणी जरा गडद आणि शांत दिसतं. पोहायला हीच जागा छान, असं वाटतं आणि ओढ नेमकी तिथेच असते. मधल्या पुळणीवरसुद्धा फुटणाऱ्या लाटांच्या मध्ये असा गडद, फेस नसलेला पट्टा दिसला तर तो टाळा.

एका टोकाला आडोसा मिळतो हेही खरं. मार्च ते मे दुपारी वारा वायव्येचा असतो, तेव्हा उत्तरेकडचा डोंगर तो अडवतो आणि तो कोपरा निवांत राहतो. तिथे बसा, पण पाण्यात उतरताना खडकापासून चांगलं लांब या.

ओढीत सापडलात तर किनाऱ्याकडे तोंड करून झुंजू नका. पट्टीचा पोहणाराही त्यात दमतो, आणि जीव दमण्याने जातो. ओढ तुम्हाला तळाशी नेत नाही, बाहेर नेते. पाठीवर तरंगा, हात वर करा, आणि किनाऱ्याला समांतर सरकत फेसाच्या लाटांपर्यंत या. लाटाच मग आत आणतात. दुसरं कुणी सापडलं तर मागे उडी मारू नका. पाच लिटरचा रिकामा कॅन, थर्माकोलचा डबा, दोरी, जे हाताशी असेल ते फेका आणि जीवरक्षकाला किंवा होडीवाल्याला हाक मारा. १५५४ हा तटरक्षक दलाचा क्रमांक मोबाइलमध्ये ठेवा, ११२ तर आहेच.

खाडीचं मुख म्हणजे उथळ समुद्र समजणे

देवबागला कर्ली नदी समुद्राला मिळते. वाळूचे दांडे उघडे पडलेले, पाणी घोट्याएवढं, जलक्रीडांच्या होड्यांची गर्दी. बघताना वाटतं, मुलांना सोडायला याहून चांगली जागा नाही. पण सुकतीला अख्ख्या खाडीचं पाणी त्या चिंचोळ्या तोंडातून बाहेर पडतं आणि दांड्याच्या कडेला एका पावलात तळ नाहीसा होतो. तिथे होडीने जावं, फिरावं, दांड्यावर मधोमध उभं राहावं. पोहू नये.

जलक्रीडांचे पैसे आधी, जॅकेट नंतर

भाव करण्यात आपण अर्धा तास घालवतो, जॅकेट बघायला अर्धं मिनिटही देत नाही. मुलाला मोठ्यांचं जॅकेट घालून पट्टे आवळले तरी पाण्यात ते कानापर्यंत वर सरकतं. खांद्याचे पट्टे धरून वर ओढून बघा. हनुवटीच्या वर गेलं तर ते मुलाचं नाही. लहान मापाचं नसेल तर त्या मुलाची फेरी नाही, मग तो कितीही रडो. होडीवर किती माणसं बसवायची ते लिहिलेलं असतं, ते वाचा आणि मोजा. बनाना राइडवाले गंमत म्हणून शेवटी होडी उलटवतात. नको असेल तर निघण्याआधीच स्पष्ट सांगा.

मे महिन्याचा शेवटचा आठवडा टाळा. २४ मे २०२२ रोजी तारकर्लीजवळ स्कूबा करून परतणारी पर्यटकांची होडी उलटली आणि दोघांचा जीव गेला. त्या दिवसांत समुद्र फिरलेला असतो. साधारण २६ मेपासून ऑगस्टअखेरपर्यंत महाराष्ट्रात प्रवासी होड्या आणि जलक्रीडा बंद असतात. "आम्ही नेतो चोरून" म्हणणाऱ्याच्या होडीत बसू नका. पाण्याखालचं बघायचं असेल तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी यावं. मालवणच्या सागरी अभयारण्याच्या बाजूला तेव्हा पाणी नितळ असतं. उरलेल्या दिवसांतही निघण्याआधी हैदराबादच्या इन्कॉइस संस्थेचा उंच लाटांचा इशारा बघा. वारा नसतानाही दूर दक्षिणेकडून आलेल्या लाटा आपल्या किनाऱ्यावर आदळतात. त्या आकाश बघून कळत नाहीत.

सुरमईचं भरपेट ताट जेवून लगेच पॅरासेलिंगला जाणाऱ्यांचं काय होतं ते सांगायला नको.

गाडी पुळणीवर उतरवणे

हे करूच नका. गोव्यात तर त्यावर बंदी आहे, आणि आगोंदसारख्या ठिकाणी वाळूत कासवांची घरटी असतात. तरीही रुतलीच तर ॲक्सिलरेटर दाबत राहू नका, चाक आणखी खाली जातं. चाकांपुढची वाळू हातांनी काढा, पायपुसण्या चाकाखाली घाला, टायरमधली हवा कमी करा आणि आलेल्या चाकोरीतूनच मागे घ्या. भरती चढत असेल तर स्वतः खटपट करण्यात वेळ न घालवता गावातल्या माणसांना बोलवा.

नाकातोंडात पाणी गेल्यावर

बुडालेल्या मुलाला उलटं धरून फिरवणं, पोट दाबून पाणी काढणं, हे अजूनही किनाऱ्यावर सर्रास दिसतं. यात मोलाची मिनिटं जातात आणि पोटातलं पाणी श्वासनलिकेत जाऊ शकतं. मूल श्वास घेत नसेल तर सपाट जागी पाठीवर निजवा, तोंडाने आधी पाच श्वास द्या, मग छाती दाबायला लागा. दुसऱ्या कुणाला तरी १०८ लावायला सांगा. मूल शुद्धीवर आलं, बोललं, बिस्किट मागितलं, तरी खोकला थांबत नसेल, धाप लागत असेल किंवा ते पेंगुळलं असेल, तर खोलीवर न नेता थेट दवाखान्यात न्या आणि रात्रभर तिथेच राहू द्या.