मेंदूतल्या रक्तवाहिनीचा फुगा: उपचार कसा ठरवायचा

आधी एकच गोष्ट पाहायची: फुगा (अ‍ॅन्युरिझम) फुटला आहे का? कधीच झाली नव्हती इतकी तीव्र डोकेदुखी क्षणात सुरू झाली, सोबत उलटी, मान ताठरणे किंवा शुद्ध हरपणे असेल, तर तो फुटला असे धरूनच न्यूरोसर्जरी विभाग असलेले रुग्णालय गाठा. वाटेत अ‍ॅस्पिरिन देऊ नका. पुन्हा रक्तस्राव होण्याचा धोका पहिल्या २४ तासांत सर्वाधिक असतो, म्हणून शक्यतो तेवढ्यातच फुगा बंद करतात.

न फुटलेल्या फुग्याला विचार करायला सवड असते. मेंदूच्या पुढच्या रक्तपुरवठ्यातला, ७ मिमीपेक्षा लहान फुगा बरेचदा ठरावीक काळाने एमआर किंवा सीटी अँजिओग्राफी (रक्तवाहिन्यांचे स्कॅन) करून नजरेखाली ठेवतात. धूम्रपान बंद आणि रक्तदाब ताब्यात हवाच. पण नुसत्या मिलिमीटरवर विसंबू नका. फुगा वाढत असेल किंवा त्यावर आणखी एक उंचवटा असेल, तर लहान असूनही उपचार लागू शकतो. एका डोळ्याची पापणी अचानक लोंबली आणि बाहुली मोठी झाली, तर त्याच दिवशी दाखवा.

फुगा बंद करण्याचे मुख्य मार्ग दोन. क्लिपिंगमध्ये कवटी उघडून फुग्याच्या मानेवर (तो धमनीला जिथे जोडलेला असतो त्या भागावर) टायटॅनियमची क्लिप बसवतात. शस्त्रक्रिया मोठी, पण फुगा पुन्हा भरण्याची शक्यता कमी. कॉइलिंगमध्ये जांघेतल्या किंवा मनगटातल्या धमनीतून कॅथेटर (बारीक नळी) नेऊन फुग्यात प्लॅटिनमची बारीक वेटोळी भरतात. दोन्ही उपाय शक्य असलेल्या फुटलेल्या फुग्यांवर झालेल्या आयसॅट चाचणीत (२००२) वर्षभरानंतर मृत्यू किंवा परावलंबित्वाचे प्रमाण कॉइलिंगनंतर २३.७ टक्के, तर क्लिपिंगनंतर ३०.६ टक्के होते. कॉइलिंगची उणी बाजू अशी, की वेटोळी दबून फुग्यात पुन्हा रक्त शिरू शकते. म्हणून नंतरच्या तपासण्या चुकवायच्या नाहीत.

फुग्याची मान रुंद असेल तर वेटोळी निसटतात. तिथे स्टेंटचा (धमनीत बसवायच्या जाळीदार नळीचा) आधार देतात, किंवा फ्लो डायव्हर्टर ही दाट जाळी मूळ धमनीत बसवतात. फुगा बंद व्हायला मग काही महिने लागतात. जाळीत गुठळी होऊ नये म्हणून अ‍ॅस्पिरिनसोबत बहुधा क्लोपिडोग्रेल चालते. दात काढण्यासाठीसुद्धा ही औषधे परस्पर थांबवू नका. पक्षाघात होऊ शकतो.

फुटलेला फुगा बंद झाला तरी रक्तस्रावानंतरच्या ४ ते १४ दिवसांदरम्यान धमन्या आकसून मेंदूचा रक्तपुरवठा घटू शकतो. त्यासाठी निमोडिपिन सहसा ६० मिग्रॅ दर ४ तासांनी, २१ दिवस देतात. रात्रीचा डोसही चुकवायचा नाही. या काळात बोलणे अडखळले, हात-पाय ढिला पडला किंवा गुंगी वाढली, तर लगेच नर्सला बोलवा.